दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असं नाही; बोललो पुष्कळ, पण दुसरंच. बंगळुरात, बनशंकरीतल्या आमच्या पार्कात संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींत आजाऱ्यासाठी घरी माणूस ठेवण्याचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे वळतात. "तुम्ही अण्णांसाठी तीन एजन्सी पालथ्या घातल्यात, तुम्ही सांगा." मग मी सांगतो. पोलिसांची पडताळणी दाखवा म्हणावं. माणसाला आधी घरी बोलवा आणि आजाऱ्यासमोर बसवून बघा. तो सुट्टीवर गेला तर बदली कोण येणार ते विचारा. आधी जिथे काम केलं त्या घरी फोन करा, आणि घरातल्या बाईशी बोला. पुरुषांना काहीच ठाऊक नसतं. सल्ला चांगला असतो. दोघातिघांना उपयोगीही पडला. तो देणाऱ्याने स्वतः काय केलं, ते मात्र त्यांना माहीत नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे तोच बाप. जुन्या पेटेतल्या गरडीत, म्हणजे तालमीत, तो तरुणपणी कुस्ती खेळायचा. घरात शिरला की आधी त्याच्या अंगाच्या तेलाचा आणि लाल मातीचा वास यायचा आणि मी पुस्तक उघडून बसायचो. एकदा त्याने मला विडी ओढताना पकडलं. पेटती विडी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ आपल्या मुठीत घेऊन दाबली. मी "नको अण्णा, चुकलो" म्हणत राहिलो आणि तो विझेपर्यंत दाबत राहिला. त्याच अण्णाने मला शिकवलं, फॅक्टरीत चिकटवलं, माझं लग्न लावून दिलं. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मीही म्हणायचो.

सत्तरी ओलांडल्यावर त्याची आठवण गेली. ताकद गेली नाही. आम्ही दोघेही तोवर विधुर झालो होतो आणि एकाच घरात राहत होतो. त्याचा मुलगा नोकरीपायी शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो रविवारी यायचा. आमच्याकडे काकाला कन्नडमधलं 'चिकप्पा'च म्हणतात. पुतण्या म्हणाला, "चिकप्पा, माणूस तुम्ही निवडा. बाकीचं मी बघतो."

पहिल्या एजन्सीने एक वयस्कर माणूस पाठवला. अण्णाने त्याच्या खांद्याचा लचका तोडला, तेव्हा तो शर्ट हातात धरून उघडाच पळाला. दुसऱ्या एजन्सीचा माणूस धोतराच्या पट्ट्या घेऊन आला आणि म्हणाला, हात खाटेला बांधावे लागतील. मी त्याला शिव्या देऊन जिन्यावरून उतरवलं. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

तिसरी एजन्सी बस स्टँडमागच्या एका दुकानाच्या माडीवर होती. चालवणारी बाई एकेकाळी नर्स होती. तिने मला एकही गुळगुळीत कागद दिला नाही, सरळ प्रश्नच विचारले. "ते मारतात का? खरं सांगा. मार माझ्या पोरांना बसतो." मी हो म्हणालो. मग चष्मा काढून तिने विचारलं, "आणि त्यांना घरात कोणी मारतं का?"

"आमच्या घरात?" मी उसळलो. "तुम्ही कुणाशी बोलताय?"

"सगळ्यांनाच विचारते. रागावू नका. स्वल्प कॉफी घ्या."

आमच्याकडे कोणी मारत नाही, असं मी सांगितलं. खरं म्हणजे तोवर एकदा झालं होतं. अण्णाने माझी मान धरली होती आणि सुटण्यासाठी मी त्याच्या तोंडावर कोपर मारलं होतं. ते स्वसंरक्षण होतं. पण सुटल्यावर मी आणखी एकदा मारलं, ते कशात बसतं मला माहीत नव्हतं.

तिने पाठवलेला मुलगा तिशीचा, बेळगावकडचा, के. आर. पुरममध्ये चौघांत मिळून एक खोली घेऊन राहणारा. मराठी बोलणारा, म्हणून मी खूश. अण्णाचं कन्नड तेव्हा विरत चाललं होतं, घरची मराठीच काय ती उरली होती. तो काही संत नव्हता. गुटखा खायचा आणि कुंडीत थुंकायचा, कानाला फोन लावून गावाकडच्या कुणाशी तरी भांडायचा, चुलतभावाचं लग्न सांगून सुट्टी घ्यायचा आणि असे चुलतभाऊ त्याला बरेच होते. पण अण्णाला तो घाबरत नसे. 'पैलवान' म्हणायचा. अण्णाने मान धरली की ओढाओढ न करता तसाच वाकून उभा राहायचा, पकड ढिली होईपर्यंत. एकदा न्हाणीघरातून ओठ फुटून, हनुवटीवरून रक्त गळत बाहेर आला आणि हसत म्हणाला, "काका, आज चितपट की ओ! साबण लावून देईनात. कसली पकड आहे म्हाताऱ्याची!"

"दुखतंय का?"

"दुखतंय तर. फुकट मार खायला मी काय जावई आहे होय?"

अशाच एका चुलतभावाच्या लग्नाला तो गेला होता. बदली माणूस दुपारी येणार होता, आला नाही. अण्णाने खाटेवरच केलं होतं आणि ते हाताने भिंतीला फासत होता. मी त्याला उठवायला गेलो. त्याने माझं मनगट धरलं, पिरगाळलं, आणि लहानपणी घालायचा तीच आईवरची शिवी घातली. इतकी स्वच्छ, की क्षणभर वाटलं याला सगळं आठवतंय. कोपऱ्यात त्याची वेताची काठी होती.

मी पाठीवर मारलं. दंडांवर मारलं. तो खाली बसला तरी मारलं. तो गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी डोकं झाकून बसला आणि म्हणाला, "नको अण्णा. चुकलो अण्णा." मला तो अण्णा म्हणत होता. तेव्हा तरी थांबायला हवं होतं. मी त्यानंतरही मारलं, आणि मला बरं वाटलं. हेच मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. राग आला होता, थकलो होतो, हे सगळे समजून घेतात. बरं वाटलं होतं.

मग मी त्याला धुतलं, पावडर लावली, गोड शिरा करून भरवला. तो मुकाट्याने खात होता.

दुसऱ्या दिवशी बेळगावचा मुलगा लग्नाहून परत आला. अण्णाला आंघोळ घालायला नेलं आणि आतला पाण्याचा आवाज थांबला. टॉवेल घेऊन बाहेर आला.

"काका, पाठीला काय झालंय ओ?"

"पडला."

"पडले?"

"पडला म्हणतो ना!"

"सरी, बरं," तो म्हणाला. आत गेला, पुन्हा बाहेर आला. "झेपत नसेल तर मला फोन करा की. लग्न सोडून येतो. पण हे नको काका. म्हातारं हाय ते."

शरम वाटायला हवी होती. वाटला तो संताप. माझ्या घरात, माझ्या भावाबद्दल, हा मला शिकवणार! त्याला कळलं आहे, हे मला सहन होत नव्हतं. पुढचे दिवस मी त्याच्या चुका काढत राहिलो. भात मऊ नाही, चादर ओली आहे, फोन ठेव.

रविवारी पुतण्या आला. बापाला नवा शर्ट आणला होता, तो घालायला जुना काढला. वळ तोवर हिरवे-पिवळे झाले होते, दंडांवरचे काळेच होते. पुतण्याच्या हातातून शर्ट पडला.

"हे कुणी केलं?"

मुलगा दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बोलावं म्हणून थांबला होता. मी त्याचं नावही घेतलं नाही. मी एवढंच म्हणालो, "दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं?"

पुतण्या तसा सौम्य मुलगा. त्याला मी आयुष्यात कुणावर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. त्याने थोबाडीत मारली, मग मुठीने तोंडावर. मुलगा मागे सरकत जिन्यापर्यंत गेला आणि लाथ बसल्यावर पाच-सहा पायऱ्या घरंगळून खालच्या वळणावर आपटला. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. पुतण्या मागोमाग उतरला. खालच्या स्टँडवरचे रिक्षावाले धावत आले. "काय झालं?" "म्हाताऱ्याला मारलं याने!" मग कुणाला विचारायचीही गरज उरली नाही. चपला निघाल्या. "होडी, बिडबेड," कोणीतरी ओरडत होतं. मार, सोडू नको. त्याने एकदाही हात उचलला नाही, फक्त डोकं झाकलं. हातांच्या फटीतून तो वर माझ्याकडे बघत होता. "काका, सांगा की ओ! सांगा की!"

मी कठडा धरून उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं.

माझ्या शेजारून अण्णा खाली गेला. कसा गेला मला कळलं नाही. एरवी त्याला एक पायरी उतरवायला दोघे लागायचे. त्याने माणसं बाजूला सारली, मागून आपल्याच मुलाच्या मानेत हात घातला आणि आवळला. पुतण्याचे डोळे पांढरे झाले. त्याने जीव वाचवायला जोराने झटका दिला. अण्णा पायरीच्या कडेवर पडला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज सगळ्यांनी ऐकला. उगारलेल्या चपला खाली आल्या.

"उचलू नका," खालून तो मुलगा म्हणाला. "मांडीचं हाड गेलंय. तसंच ठेवा, अँब्युलन्स बोलवा." आणि तो रक्ताळलेल्या हातांनी अण्णाच्या डोक्याखाली आपला शर्ट सारायला पुढे आला. एका रिक्षावाल्याने त्याला लाथेने परत मागे लोटलं. "हात लावू नको, हरामखोर!"

अण्णा हॉस्पिटलमधून परत आला नाही. न्यूमोनिया झाला आणि गेला.

एजन्सीच्या बाईचा फोन आला होता. तिने आरडाओरडा केला नाही. "मी तुम्हाला त्या दिवशी एक प्रश्न विचारला होता," म्हणाली. मी म्हणालो, "तुमच्या माणसाने आमच्या माणसाला मारलं, वर तोंड करून बोलता?" तिने फोन ठेवला. तिला काय वाटत होतं ते तिचं तिला. पण कुणीतरी मुलाचा फोटो मोबाइलवरून सगळीकडे फिरवला आणि आजाऱ्याजवळ बसण्याचं काम त्याला पुन्हा मिळालं नाही.

पुतण्या अनेक वर्षं समजत होता की बापाला आपण मारलं. तेराव्याला तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, "चिकप्पा, मीच ढकललं हो." मी त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणालो, "तुझी काय चूक? तू बापासाठी चिडलास." हे वाक्य खरं होतं, म्हणून ते उच्चारताना माझी जीभ अडखळली नाही. या पावसाळ्यात मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, पाण्याचा ग्लास भिंतीवर फेकला आणि निघून गेला. अजून आलेला नाही. येईल असं मी धरून चाललेलो नाही.

राहिला तो मुलगा. बाईला गाठून पत्ता विचारला. ती म्हणाली, "आता कशाला?" मग म्हणाली, होसकोटेला एका गोदामावर वॉचमन आहे असं ऐकलंय. मी बस बदलत तिथे गेलो. निळ्या गणवेशात तो फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. नाक एका बाजूला वाकलेलं. मला पाहून उठला, आणि उठताना दोन्ही हात किंचित वर आले, मार चुकवायला यावेत तसे. मग त्याने ते खाली घेतले.

"काका? इकडे कुठे?"

"तुझ्याकडेच," असं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "असंच. काम होतं इकडे."

"बसा की." त्याने खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. "पैलवान कसे आहेत?"

त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. त्याने टोपी काढली, आतल्या घामाकडे बघत राहिला. "पडले त्यातच?"

"त्यातच."

"माझ्यासाठी उतरले होते ते," तो म्हणाला. "ओळखत तर नव्हते धड. तरी उतरले." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला सगळं ओळखू येत होतं की."

बाहेर एक लॉरी हॉर्न देत उभी होती. तो फाटक उघडायला गेला. लॉरी आत येईतो, धूळ बसेतो मला वेळ होता. वाक्य तोंडात तयार होतं, बसमध्ये शंभरदा म्हणून पाहिलं होतं. तो परत आला. "काय बोलायचं होतं काय काका?"

"नाही," मी म्हणालो. "बस कुठून मिळेल?"

त्याने हात करून दाखवलं.

माझं वाक्य असं होतं: अण्णाला मी मारलं होतं, तू नाही, तुला मार बसत होता तेव्हा मला ते ठाऊक होतं आणि मी बघत उभा राहिलो, माझं चुकलं, मला माफ कर.