सातासमुद्रापलीकडचं गाऱ्हाणं

वश्या गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर कळवलं, तेव्हा मी परसात सुपाऱ्या वाळत घालत होतो. पहिल्यांदा जे मनात आलं तेच लिहितो... 'चला, आता तरी तो विनोद बंद होईल.' माणूस गेला की वैर संपतं म्हणतात. आता दीड महिना झाला, माझं काही संपलेलं नाही.

वसंत, घरचा वश्या, माझा चुलतभाऊ, तीन वर्षांनी लहान. पंचविशीत बोटीवर खलाशी म्हणून निघाला, तेव्हा पालीजवळच्या आमच्या गावी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. नेहमी गाऱ्हाणं घालणारे काका अंथरुणाला खिळलेले, म्हणून मान माझ्याकडे आला. बोलायचं एवढंच होतं, की लेकराला सुखरूप घरी आण, आणि इडापीडा सातासमुद्रापलीकडे ने, ती परत येऊ देऊ नको. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "या वसंताला सातासमुद्रापलीकडे ने, परत येऊ देऊ नको." सवयीप्रमाणे अख्ख्या गावाने "होय महाराजा" म्हटलं. मग काकू, वश्याची आई, रडायला लागली. जीभ घसरली, असं मी सगळ्यांना सांगितलं.

वश्या बोट सोडून इंग्लंडातच राहिला. हॉटेलात भांडी घासता घासता स्टँडअप करू लागला. तिथल्या गोऱ्यांपुढे स्वतःच्या इंग्रजीची टिंगल करायचा, दुबईत कामगारांपुढे मुकादमाची नक्कल. मुलूख बदलला की विनोद बदलायचे, मी तेवढा कायम. भावाने मला देवाकरवी हद्दपार केलं, म्हणायचा, परक्या लोकांकडून "होय महाराजा" वदवून घ्यायचा, आणि शेवटी जरा थांबून, "चुकून की मुद्दाम... देव जाणे." मी पासपोर्टसुद्धा काढलेला नाही, पण माझं हसं चार देशांत झालं. आधी कागदपत्रं नव्हती, मग संसार, म्हणून तो कधी परतला नाही. त्याचा व्हिडिओ मात्र आला. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर एका अनोळखी कंडक्टरने मला तिकीट देताना "होय महाराजा" म्हटलं, त्या दिवसापासून मी वश्याशी बोलणं टाकलं.

सहा वर्षांनी, यंदा शिमग्याच्या आधी, त्याचा फोन आला. मी चुकून उचलला.

"दादा, ते गाऱ्हाणं फिरव की. मला घरी यायचंय."

नव्या कार्यक्रमाचा मसाला गोळा करतोय, याबद्दल मला शंकाच नव्हती. "रेकॉर्ड करतोस ना?"

"नाही रे दादा."

मी फोन ठेवला. आजाराचं मला नंतर कळलं.

एक सांगायचं राहिलं. आमच्या घरात गोष्टी सांगणारा मी. पण वश्या पडवीत येऊन टेकला, की माणसं माझी गोष्ट अर्ध्यावर टाकून त्याच्याकडे तोंड फिरवायची. देवळात नारळापुढे उभा राहिलो तेव्हा हे माझ्या डोक्यात नव्हतं, असं मी तीस वर्षं म्हणत आलो.

तेराव्याला घर भरलं. कोणीतरी म्हणालं, दादा, तुम्ही त्याचं काहीतरी सांगा. मला त्याची एकच गोष्ट येते. तीच सांगितली, त्याच्यासारखाच थांबत, त्याच्यासारखाच हात झटकत. माणसं डोळे पुसत हसत होती. धाकट्या सुनेने विचारलं, "मग खरं काय ते, चुकून की मुद्दाम?"

"मुद्दाम," मी म्हणालो.

एवढा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता.