आईची खुर्ची

ब्रिजेट मॅडमच्या भावाचा, इनासकाकांचा, फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक आई बसली होती. नायगावच्या ज्या शाळेत मी समुपदेशक म्हणून काम करते, तिथल्या तिसरीतल्या एका मुलीची आई. तुमच्या मुलीला वाचायला जड जातं आणि ते आळसामुळे नाही, एवढं मी तिला नुकतंच सांगून संपवलं होतं. ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली होती... टेबलावर फोन थरथरला, काकांचं नाव दिसलं आणि मला कळलं. शाळेच्या वेळात ते कधीच फोन करत नाहीत. तरी मी फोन पालथा करून ठेवला. आईला सांगून झालं की ती उठेपर्यंत आपण जागचं हलायचं नाही, हे मला ब्रिजेट मॅडमनी शिकवलं होतं, आणि त्यांच्याच जाण्याची बातमी ऐकायला तो नियम मोडावा असं माझ्या मनाला पटेना. ती बाई बऱ्याच वेळाने उठली. दारात थांबून म्हणाली, "मॅडम, तुमचा फोन वाजत होता मगाशी." मी म्हटलं, "हो, बघते आता." ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि फोन तसाच हातात धरून रडले.

मॅडमना जाऊन महिना झाला म्हणून नंदाखालच्या चर्चमध्ये गेल्या आठवड्यात त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली. तिथे त्यांच्या ओळखीची माणसं मला विचारत होती, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हणत होते, "विद्यार्थिनी," आणि दर वेळी वाटत होतं, एवढंच का? ब्रिजेट मॅडम शालेय मानसशास्त्र शिकवत. आधी मुंबईच्या एका कॉलेजात, एम.ए.च्या वर्गाला, आणि निवृत्त झाल्यावर नंदाखालला, आपल्या घराच्या ओटीवर, शनिवारी. वसई-विरारच्या शाळांमध्ये प्रात्यक्षिकं करणाऱ्या आम्ही मुली आठवडाभराच्या केसेस घेऊन तिथे जायचो. मॅडमनी लग्न केलं नाही. मोठा भाऊ इनास, त्याची केळीची वाडी आणि हे घर, एवढाच त्यांचा संसार. बहीण काय करते, असं गावात कुणी विचारलं की काका सांगत, "पोरांची डोकी बघते." त्यावर मॅडम आतून ओरडत, "डोकी नाही रे, दप्तरं!" दोघं एकमेकांशी घरच्या बोलीत भांडत. मी विरारच्या मनवेलपाड्यातली, आईबाप कुडाळकडचे. मला त्यातलं निम्मं कळे, पण भांडण गोड आहे एवढं बरोबर कळे.

त्या ओटीवर वेताची एक जुनी खुर्ची होती. तिला आम्ही आईची खुर्ची म्हणायचो. शाळेत एखाद्या मुलाला तपासलं, चाचण्या झाल्या, अहवाल लिहून झाला, की काम संपलं असं आम्हाला वाटे. मॅडम अहवाल बाजूला ठेवून त्या खुर्चीत बसत आणि म्हणत, "चल, मी त्याची आई. आता सांग मला." आणि मग त्या खरोखरच कुणीतरी वेगळ्या होत. कधी सारखी मोबाईलकडे बघणारी आई, कधी प्रत्येक वाक्याला हसणारी आई, कधी "म्हणजे मारत जाऊ का आता त्याला?" असं विचारणारी. टॉवरमधले एक बाबाही त्या फार झकास करत. "मॅडम, हे सगळं कव्हर व्हायला किती महिने लागतील? टार्गेट डेट द्या ना." आम्ही हसून लोळायचो, जिची पाळी असे ती मुलगी सोडून. सांगायची रीत ठरलेली होती. आधी त्या मुलाला काय येतं ते सांगायचं, आणि तेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. "हुशार आहे, गुणी आहे" असलं काही चालायचं नाही. मग अडचण, एका वाक्यात. आणि मग तोंड बंद.

माझी पहिली पाळी मला आठवते. अर्नाळ्याकडच्या एका मुलाची केस होती. त्याला काय काय येतं हे मी इतकं रंगवून सांगितलं, चित्रं कशी काढतो, लहान भावाला कसं सांभाळतो, जाळ्याच्या गाठी कशा सोडवतो... अडचणीपाशी यायला माझी जीभच वळेना. मॅडम मान डोलावत ऐकत होत्या. मग एकदम उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मग बरा हाय ना पोर माजा! उगाच घाबरवला आमाला. जाते बाय, पानी भरायचंय." आणि थेट स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी ओटीवर एकटी. आतून भांड्यांचे आवाज यायला लागले. मला कळेना, आत जाऊन बोलावू की रडू. शेवटी त्या सुकेळ्यांची, वाडीतल्या सुकवलेल्या केळ्यांची, बशी घेऊन बाहेर आल्या आणि मॅडम होऊन म्हणाल्या, "बघ, गेली ती. आता वर्षभर शाळेत फिरकणार नाही. तू गोड बोलत होतीस ते तिच्यासाठी नाही, तुझ्या स्वतःसाठी." सुकेळं बशीतच ठेवून मी ते वहीत उतरवून घेतलं. असलं शिकवणं कुठल्या पुस्तकात असतं, मला सांगा.

पुढे मला नोकरी लागली, तरी शनिवार सुटला नाही. मॅडमना हाताशी कुणी हवं म्हणून मी नव्या मुलींबरोबर बसू लागले. त्यात प्राची म्हणून एक होती, विरारच्याच एका शाळेत प्रात्यक्षिक करणारी, चुणचुणीत आणि मॅडमचा शब्द झेलणारी. एका शनिवारी तिने एका मुलाची केस मांडली. वर्गात लक्ष नसतं, हाक मारली तर उत्तर देत नाही. मॅडम लगेच म्हणाल्या, "अगं, त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मागेच नाही का कळलं आपल्याला?" प्राचीने लिहून घेतलं. तो कानाचा मुलगा माझ्या केसमधला होता, फार जुना, आज कॉलेजात असेल. निघताना मी प्राचीला फाटकाशी गाठून सांगितलं की आईशी बोलण्याआधी त्याचे कान नीट तपासून घे. कान ठणठणीत निघाले. मुलाच्या घरात आईवडिलांचं फाटलं होतं आणि तो दिवसभर त्याच विचारात असायचा. प्राची आईला कानाचंच सांगून आली असती, तर त्या मुलाचं खरं दुखणं कुणी विचारलंच नसतं.

मग मी बघायला लागले, आणि बघायला मला मॅडमनीच शिकवलं होतं. एकच प्रश्न त्या पुन्हा पुन्हा विचारत. संध्याकाळच्या रोझरीत, जपमाळेच्या प्रार्थनेत, त्यांचे मणी चुकत आणि इनासकाका काही न बोलता त्यांच्या मागोमाग चुकत. मी काकांना वाडीत गाठलं. ते केळीची सुकलेली पानं उतरवत होते. म्हणाले, "मला ठाऊक आहे गं. पण मी सांगितलं तर ती म्हणेल, तूच म्हातारा झालास. तू सांग. हेच शिकलीस ना तिच्याकडे?" मला राग आला त्यांचा. सांगितलं, तर मॅडमचा शनिवार जाणार, आणि शनिवार गेला तर त्यांच्याकडे उरणार काय? नाही सांगितलं, तर पुढच्या वेळी कुठल्या तरी पोराचं वाटोळं होणार, तेही मॅडमच्या हातून, ज्यांनी जन्मभर पोरांना जपलं. मला यातलं काहीच नको होतं. मला फक्त त्या पूर्वीसारख्या हव्या होत्या.

मी मुद्दाम मंगळवारी दुपारी गेले, म्हणजे मुली नसतील. मॅडम नेमक्या त्याच खुर्चीत बसून भाजी निवडत होत्या. मी समोर बसले आणि बोलायला लागले. त्यांना अजून काय येतं ते. एखादी मुलगी केस सांगताना काय लपवतेय ते त्यांना अजून पहिल्या मिनिटाला कळतं, हे मी गेल्याच शनिवारी पाहिलं होतं, ते सांगितलं. त्या हसल्या. "छान. कुणाची केस आहे?"

"तुमची," मी म्हटलं.

त्यांनी भाजीचं ताट खाली ठेवलं. हळूच म्हणाल्या, "येतं ते सांगून झालं. आता अडचण सांग. एका वाक्यात."

"तुम्ही दोन मुलांची गल्लत करता आणि ते तुमच्या लक्षात येत नाही."

"शेवटी आवाज पडला तुझा. पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्या दिवसाइतकं अवघड मी आयुष्यात काही बोलले नाही. मॅडम कितीतरी वेळ वाडीकडे बघत होत्या, आणि मी हलले नाही. मग त्यांनी पदराने डोळे पुसले. "केसेस आता तू बघ," त्या म्हणाल्या. "पण शनिवार माझ्याकडून काढून घेऊ नकोस. आई व्हायला काही लक्षात ठेवावं लागत नाही. मी खुर्चीत बसेन." आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, "डॉक्टरकडे कधी जायचं ते इनासला सांग. मला सांगून उपयोग नाही, मी विसरेन." आम्ही दोघी हसलो. मी विरारला परत येईपर्यंत मला रडू आवरेना, रिक्षावाल्याने दोनदा वळून बघितलं.

ते पुढचे शनिवार सोन्यासारखे गेले. केसेस मी बघायचे आणि मॅडम आई व्हायच्या. पूर्वीपेक्षाही अस्सल व्हायच्या, कारण आता त्यांना पुढचा प्रश्न आठवून ठेवायचा नसे, त्या नुसत्या ऐकत. पण दुखणं कुणासाठी थांबतं? एका शनिवारी प्राची त्यांना सांगत होती, की तुमच्या मुलाला चालायला-बोलायला आयुष्यभर मदत लागेल. मॅडमनी तिचे हात धरले आणि विचारलं, "माझ्या मागे कोण बघेल हो त्याला?" आधी आम्हाला वाटलं, काय सुंदर करतायत. मग त्या हमसून रडायला लागल्या, आणि आमच्या लक्षात आलं की त्या काही करत नाहीयेत. त्यांना खरंच मूल होतं आता, आणि त्याची काळजी होती. प्राची पांढरीफटक पडली. काकांनी त्यांना आत नेलं. त्यानंतर मी शनिवार बंद केला. मुलींना सांगितलं, मॅडमना त्रास होतो. ते खरंच होतं, पण मॅडमशिवाय त्या ओटीवर बसायची माझी छाती नव्हती, हेही तितकंच खरं.

शेवटची भेट त्यांच्या खोलीत झाली. पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, फार बारीक झालेल्या. मला पाहून त्यांनी गाऊनची बाही सारखी केली आणि म्हणाल्या, "या, बसा. शाळेतून निरोप मिळाला ना?" त्यांनी मला कुठल्या तरी मुलाची आई समजलं होतं. मी त्यांची चूक दुरुस्त करणार होते, पण दारातून काकांनी मान हलवली. "कुणाच्या आई तुम्ही?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून आपोआप माझंच नाव निघून गेलं, "वृषालीच्या."

त्यांनी ते नाव मनात घोळवलं. हनुवटीखाली हात घेतला. "वृषाली," त्या सावकाश म्हणाल्या, "तिला ऐकता येतं. पोर गप्प बसलं तरी तिला ऐकू येतं. मी स्वतः पाहिलंय." मग थांबल्या. मला वाटलं, धागा सुटला बहुतेक. पण त्या फक्त रीत पाळत होत्या. "एक अडचण आहे मात्र."

"काय, मॅडम?"

"तिला वाटतं, मी समोर असले तरच तिला जमतं."

आणि मग तोंड बंद. थोड्या वेळाने त्यांचे डोळे मिटले. त्यांचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. ते माझ्याशी झालं की माझ्या आईशी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मिस्सा झाली त्या दिवशी प्राची मला चर्चच्या पायऱ्यांवर भेटली. म्हणाली, "ताई, माझ्या शाळेत एक नवीन मुलगी आलीय प्रात्यक्षिकाला. तिला शनिवारी घेऊन येऊ?" मी नाही म्हणणार होते. काका शेजारीच उभे होते, ते म्हणाले, "आण की. ओटी झाडून ठेवतो."

त्या नव्या मुलीने मॅडमना पाहिलेलंही नाही. शनिवारी खुर्चीत प्राची बसली, आई झाली. ती मुलगी बिचारी सांगायला लागली, चांगलं सांगत होती, पण प्रत्येक वाक्य संपलं की मान वळवून माझ्याकडे बघायची, बरोबर आहे का म्हणून. मी म्हटलं, "माझ्याकडे नको बघूस. तिच्याकडे बघ." तेवढं बोलले आणि उठून आत गेले. मोरीतला नळ मोठा सोडला आणि मन भरेपर्यंत रडून घेतलं. नळ बंद केला तेव्हा बाहेर ती मुलगी पुन्हा पहिल्यापासून सांगत होती.