खोक्यावरचा आकडा

ग्राफिक्स कार्ड आलं की सुभेदार त्याचं खोकं आधी बाजूला भिरकावायचे. "आवं मॅडम, ह्याच्यावर काय बी छापत्यात. चिप काय म्हणती ते बघा," म्हणत भिंगातून मेमरीच्या चिपांवरचे बारीक आकडे वाचून बेरीज करायचे.

विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅब सांभाळत. मी तिथंच शिकवायचे, अजून कायम न झालेली. ते शिराळ्याकडचे, सैन्यात वायरलेसवर होते. सुभेदार हे नाव आम्ही ठेवलेलं; निवृत्त झाले ते हवालदार म्हणून.

गेमची त्यांना गोडी नव्हती. पण प्रत्येक नव्या कार्डावर ते मोटारींच्या शर्यतीचा एक गेम लावून बघत. "सरळ रस्त्याला कुठलं बी कार्ड पळतंय. वळणावर धा गाड्या आन धुरळा एकदम आला, की मग कळतंय कुणात किती दम हाय."

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा थ्रीडी चित्रांच्या नव्या अभ्यासक्रमासाठी वीस कार्डं आली. खोक्यावर आठ एमबी. सुभेदारांनी चिपांवरची मेमरी मोजली तर चारच एमबी, आणि मुख्य चिपवरचं स्टिकर सोललं तर खाली जुन्याच मॉडेलचं नाव. त्यांनी विभागप्रमुखांना बोलावून गेम लावला. मी शेजारीच उभी होते. वळणावर चित्र थिजलं, मग गाडी एकदम कठड्यापलीकडेच दिसली.

"कार्डं काय गेम खेळायला घेतलीत?" एवढं बोलून सर निघून गेले.

कार्डं तपासल्याच्या अहवालावर सुभेदारांचा आणि माझा शेरा लागायचा. सुभेदारांनी लिहिलं, 'परत पाठवा.' सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझ्या नेमणुकीची फाईल होती. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. मी 'योग्य' लिहून सही केली.

महिन्याभरात, कामाच्या वेळेत गेम खेळतात म्हणून सुभेदारांची चौकशी लागली. ते म्हणाले, "मॅडम हुत्या की तिथं. इचारा त्यास्नी."

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले. त्यांना काढून टाकलं.

मी कायम झाले. त्याच कार्डांवर शिकवत राहिले. चित्र अडखळलं की मुलांना वाटायचं, आपलंच काही चुकलं. मी तसं वाटू दिलं.

नंतर ते एकदाच आले. पुण्यातल्या नोकरीसाठी अनुभवाचा दाखला हवा होता. मी दोन ओळी लिहून दिल्या.

"कार्डं तपासायचो, त्ये न्हाई लिवलं?"

"सर सही करणार नाहीत."

"व्हय, ते बी हाय." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दारात थांबून म्हणाले, "पोरं सांगत्यात, तुमी लय चांगलं शिकिवता."

टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.