सिंधची खारीक

नक्कल ही माझी जुनी खोड. शाळेत मास्तरकी केली ती पोटासाठी, खरा धंदा नकलांचा. कुणाच्याही हळदीला मला बोलावणं यायचं आणि लोक ओरडायचे, "गुरुजी, चाचा होऊ द्या!"

चाचा म्हणजे आमच्या गावातले ओटीचं सामान विकणारे. हळकुंड, सुपारी, खोबरं, बदाम आणि खारीक. खारीक हातात देण्याआधी ते ती तराजूच्या पितळी पारड्यात वरून टाकायचे. खण्ण! मग मान तिरपी करून म्हणायचे, "ऐका, ताई. सिंधची हाय. ओली असती तर बोलली असती का?" त्या आवाजाशिवाय आमच्याकडच्या बाया खारीक घेत नसत. कितीतरी सुना अशी खण्णकन वाजलेली खारीक ओटीत घेऊन घरात आल्या.

मग दोन देशांचं बिनसलं. आपल्या सरकारनं तिकडच्या मालावर एवढा कर लावला, की खारीक सीमेपलीकडंच राहिली. पुढं तर सगळंच बंद झालं. शेजाऱ्याला धडा शिकवायचा होता. त्यानं धडा घेतला की नाही, कुणास ठाऊक. चाचांनी मात्र कच्छचा माल आणला.

"गुरुजी, तुमाला म्हणून सांगतो," ते हळूच बोलले. "माल कच्छचा हाय, लई चांगला. पण सिंधची म्हटल्याबिगर बाया हात लावत न्हाईत."

मी टाळी दिली. माझ्या नकलेला तर नवा प्रवेशच मिळाला!

सीमेवर पुन्हा पेटलं, त्याच आठवड्यात येडशीला एक हळद होती. मी स्टीलच्या ताटात खारीक टाकली. खण्ण! "तिकडं तोफा चालू द्या, ताई, आपली खारीक सिंधचीच!" मांडव हसून लोळला. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि ते गावोगाव फिरलं.

चौथ्या दिवशी दुकानासमोर पोरं जमली. मी समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो.

"काय चाचा, अजून तिकडचाच माल का?"

चाचांनी पोतं ओढलं, पावती काढली. "बघा बाळांनो, कच्छची हाय."

"मग इतके दिवस सिंधची म्हणून गंडवलं व्हय आमच्या आयांना?"

कच्छची म्हणावं तर लबाड, सिंधची म्हणावं तर गद्दार. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. मांडवभर लोकांपुढं न अडखळणारा मी बशीत चहा ओतला आणि फुंकत बसलो.

पोरं गेली. त्यांच्या मागोमाग गिऱ्हाईकही गेलं. बाया आता तालुक्याहून प्लास्टिकच्या पाकिटातली खारीक आणतात. ती कुठली, कुणी विचारत नाही.

यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं. बायको म्हणाली, ओटीला खारीक चाचांचीच पाहिजे. गेलो. दुकानात हळकुंड होतं, सुपारी होती.

"खारीक ठेवत न्हाई आता," ते म्हणाले. मग उठून आत गेले आणि घरच्या डब्यातल्या पाच खारका आणून माझ्या हातावर ठेवल्या. "लेकीसाठी न्या. पैसे नकोत."

पारडं मध्येच लटकत होतं. सवयीनं मी बोलून गेलो, "चाचा, वाजवून तर दाखवा."

त्यांनी पारडं माझ्याकडं सरकवलं.

"तुमीच वाजवा, गुरुजी. माझ्यापेक्षा तुमालाच चांगलं जमतं."