शुभेच्छुक सर्जेराव

शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं साचे भरणाऱ्या आकारामला चुलतभाऊ सर्जेरावनं भर लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं, "जोतिबाच्या डोंगरापलीकडं काय बघितलंस रं तू?" सगळी पंगत हसली. आकाराम खाली मान घालून जेवला, पण ते हसू त्याच्या डोक्यातनं गेलं नाही.

चार वर्षांनी पोरगा राजवीर आईबापाला इंडोनेशियाला घेऊन गेला. हजार वर्षांपूर्वीची पडकी देवळं बघून बायको हरखली. आकाराम फोटो काढणाऱ्या पोराला एवढंच म्हणाला, "माझं तोंड मोठं दिसू दे." कोमोडो बेटावर माणसापेक्षा लांब घोरपड जीभ काढत आली, तेव्हा बाकीचे मागं सरले आणि हा फोटोसाठी छाती काढून उभा राहिला.

परतल्यावर त्यानं सर्जेरावच्या दारासमोरच मोठा डिजिटल बोर्ड उभा केला. 'परदेश दौऱ्याबद्दल आकाराम अण्णांचं हार्दिक अभिनंदन.' वर घोरपड आणि आकाराम. खाली शुभेच्छुक एकटाच, हात जोडलेला सर्जेराव. फोटो त्याच्याच निवडणुकीच्या बोर्डावरनं उचललेला.

सर्जेराव कोयता घेऊन बाहेर आला, तोवर गल्ली गोळा झाली होती. आकाराम कट्ट्यावर तंबाखू मळत बसला होता.

"फाड की," तो म्हणाला. "खालनं सुरू कर. पयलं तुझंच तोंड हाताला लागतंय."