इंजिनाचं पोट

लाखनीच्या उड्डाणपुलावर गाडी मधोमध बंद पडली, तेव्हा डायलिसिसने गळून गेलेली आई मागच्या सीटवर रेलून बसली होती. मागून भोंगा वाजवत येणाऱ्या ट्रकने कसाबसा ब्रेक मारला. त्या दिवसापासून आईने गाडीचं नाव टाकलं. “मी यष्टीनंच जाईन, बाई.” डायलिसिस करून आलेलं माणूस एसटीत दांड्याला धरून उभं असलेलं मला बघवेना.

तेलगळती म्हणून भंडाऱ्याच्या शोरूमने वॉरंटीत इंजिन दुरुस्त केलं होतं, आणि तेव्हापासूनच ऑइलचा लाल दिवा लुकलुकत होता. दर खेपेला मॅनेजर कॉम्प्युटर लावून सांगायचा, “ताई, गाडी ओके आहे.” एकदा तर नुसता सेन्सर बदलून बोळवण केली. पुलावरून गाडी टोचन करून तिथेच नेली. पुढच्या डायलिसिसच्या दिवशी आईला घेऊन मी तिथे भांडायलाच गेले. माझ्यासमोर इंजिन उघडा, म्हटलं. मॅनेजर म्हणाला, ग्राहकांना वर्कशॉपमध्ये परवानगी नाही. माझा आवाज चढला. मागे वळून बघते तर आईची खुर्ची रिकामी.

वर्कशॉपच्या दाराशी तिच्या चपला होत्या. आतली चकचकीत फरशी बघून तिने त्या कुणाच्या घरी काढाव्यात तशा काढल्या होत्या आणि अनवाणी आत गेली होती. तिला बाहेर काढायची कुणाची हिंमत झाली नाही. तिच्यामागे मीही घुसले.

गाडी लिफ्टवर उंच टांगलेली. मागोमाग आलेल्या मॅनेजरने नाइलाजाने मान डोलावली, तसं मेकॅनिकने खालचं तेलाचं भांडं सोडवलं. आतली जाळी गळती बुजवायच्या पेस्टच्या काळ्या तुकड्यांनी गच्च भरली होती. “मागच्या दुरुस्तीत जास्तीचं लागलं,” तो हळूच म्हणाला. “तेल वर चढतच नव्हतं.” मॅनेजरचा चेहरा उतरला. त्याची खरडपट्टी काढायला मी तोंड उघडलं, आणि वर बघितलं.

वर इंजिनाच्या पोटात रुप्यासारखा लखलखीत, जाडजूड दांडा होता. मेकॅनिकने पुढून पाना लावून तो फिरवला. ते सगळं वजनदार लोखंड जराही आवाज न करता वळलं, एक बाजू वर गेली, एक खाली आली. माझ्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं माझ्या गुडघ्यांपुढे हे चाललं होतं! तेलाविना तडफडत त्याने आम्हाला पुलापर्यंत आणलं होतं. मी भांडायचं विसरले.

आईने डोक्यावर पदर घेतला. “एवढं सारं आत होतं काय वो बाई! अन् मी दसऱ्याले वरवरच हळद-कुंकू लावून राहिली होती.”

संध्याकाळी गाडी तयार झाली तरी आई बसेना. दार धरून उभी राहिली. मग मॅनेजरकडे वळली. “बाबू, गाडी चांगली हाय म्हणून तूच सांगत होता ना? मंग बस माह्या बाजूले. घरापर्यंत चाल.”

मला वाटलं, आता हा कामाचं निमित्त सांगेल. तो मागे तिच्या शेजारी जाऊन बसला. वाटभर त्याची नजर स्टिअरिंगपुढच्या दिव्यांच्या पट्टीवरून हलली नाही. लाल दिवा लागला नाही.

अंगणात गाडी थांबवून मी मागे पाहिलं. आई त्याच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती. किती दिवसांनी ती अशी झोपली होती! तो अवघडून, ताठ बसला होता.

“ताई, उठवू नका,” तो कुजबुजला. “झोपू द्या थोडं.”

मी इंजिन चालूच ठेवलं.