पुढच्या रांगेतले हात

फालेरोनच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणारा फिलेअस बोलण्यात मागे आणि ऐकण्यात पुढे, अशी त्याची गावात ख्याती होती. त्याच्या बायकोचं, मिकाचं, मत जरा वेगळं होतं. "ऐकतात कुठे? गाठी मारत बसलेले असतात," ती म्हणायची. "मान खाली असते म्हणून लोकांना वाटतं, ऐकतायत."

अशा माणसाच्या हाती एक दिवस अख्खं अथेन्स आलं. त्यासाठी अंगात काही गुण असावा लागत नाही. निवडीच्या मडक्यातून आपल्या नावाला पांढरा पावटा निघावा लागतो. त्या वर्षी पावटा निघाला आणि फिलेअस पाचशे जणांच्या मंडळात जाऊन बसला. नियमाने अगदी तळातल्या, बिनजमिनीच्या माणसाला ही जागा नव्हती. पण "तू कुठल्या थरातला?" असं विचारल्यावर "तळातला" असं उत्तर आमच्या शहरात आजवर कोणी दिलेलं नाही, आणि विचारणाराही दुसऱ्यांदा विचारत नाही. फिलेअस "मधल्या थरातला" असं म्हणाला आणि उगाच खोकला.

पाचशेंतले पन्नास जण पाळीपाळीने कारभार बघतात आणि त्या पन्नासांतून रोज एकाची चिठ्ठी निघते. एका सूर्यास्तापासून दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत शहराचा शिक्का त्याच्याकडे, देवळांत ठेवलेल्या खजिन्याच्या किल्ल्या त्याच्याकडे, आणि लोकांची सभा भरली तर अध्यक्षही तोच. हा मान आयुष्यात एकदाच मिळतो. म्हणजे जरा शहाणपण येतंय असं वाटेपर्यंत संपलेला असतो.

फिलेअसच्या गळ्यात किल्ल्या पडल्या तेव्हा सरकारी खर्चाचं जेवण चाललं होतं. जवाची भाकरी, चीज, ऑलिव्ह, कांद्याची पात. शेजारी त्याच्याच गावचा मीठवाला स्त्रातोन बसला होता.

"राजेसाहेब," स्त्रातोन म्हणाला, "भाकरी गार आहे. काही हुकूम?"

"गप जेव, लेका."

"हा पहिला हुकूम. वाईट नाही."

फिलेअस हसला खरा, पण भाकरी त्याने बाजूला सारली. उद्याच्या सभेत काय येणार होतं ते त्याला ठाऊक होतं.

ओर्किया नावाच्या बेटाने खंडणी थांबवली होती. आम्ही तिला मित्रांची वर्गणी म्हणतो. मित्र काय म्हणतात ते विचारायला कोणी गेलं नव्हतं. त्याच वर्गणीतून टेकडीवर देवीचं नवं देऊळ चढत होतं, गलबतांवरच्या वल्हेकऱ्यांना दिवसाचा रोज मिळत होता, आणि फिलेअसचे दोन्ही मुलगे उन्हाळाभर त्या रोजावर जगत होते. तेव्हा ओर्कियाकडे गलबतं गेली आणि बेट शरण आलं. आता प्रश्न एवढाच उरला होता की शिक्षा किती द्यायची. त्यांचा तट पाडून वर्गणी पुन्हा सुरू करायची आणि सोडून द्यायचं, की त्यांची शेतं काढून घेऊन इथल्या गरीब नागरिकांना चिठ्ठ्या टाकून वाटायची?

फिलेअसच्या थोरल्याचं, आर्किअसचं, लग्न एका दोरखंडवाल्याच्या मुलीशी ठरता ठरता अडलं होतं. "पोरगा चांगला आहे," मुलीचा बाप म्हणाला होता, "पण वल्ह्यावर पोरगी नांदत नाही. चार वाफे तरी दाखवा." जमीन वाटायचं ठरलं, तर आर्किअसला चिठ्ठी लागायची दाट शक्यता होती. इच्छुक थोडे आणि शेतं बरीच होती.

सकाळी घरून निरोप आला. मिकाने शेजाऱ्याच्या तोंडून कळवलं होतं: "आज अध्यक्ष तुम्ही आहात. हे मला सांगायची गरज नाही, पण तुम्हाला आठवण करून द्यायची आहे." सभेत बायकांना जागा नव्हती. मतं मात्र त्यांना भरपूर होती आणि ती अशी पोचत असत.

टेकडीवर हजारोंनी माणसं जमली. बाजारात रेंगाळणाऱ्यांना पहारेकऱ्यांनी रंगाने भिजवलेल्या लाल दोरीने हाकून आणलं, आणि नेहमीप्रमाणे चार-पाच जण पाठीवर लाल पट्टा घेऊन, आपण मुळात इकडेच येत होतो असा चेहरा करून बसले. डुकराचं पिलू कापून जागा शुद्ध झाली. दवंडीवाल्याने विचारलं, "कोणाला बोलायचंय?"

बरेच जण बोलले. एक तेल लावलेल्या दाढीचा जमीनदार म्हणाला की शत्रूवर दया दाखवली तर उद्या सगळी बेटं डोक्यावर बसतील. खालून कोणीतरी ओरडलं, "तुझी जमीन दे की मग, डोक्यावर बसायला!" मग एक म्हातारा कुंभार उठला. तो तरुणपणी ओर्कियाला माती आणायला जायचा. "आपण त्यांचं धान्य खाऊ," तो म्हणाला, "आणि ते आपल्याच शेतात मजूर होऊन आपल्याकडे बघत राहतील. मला तरी तसला घास गिळवणार नाही." बरेच लोक गप्प झाले. बरेच झाले नाहीत.

हात वर करायची वेळ आली. आमच्याकडे हात मोजत नाहीत, अध्यक्षाने नजरेने अंदाज घ्यायचा असतो. "जमीन वाटावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी!" दवंडीवाला ओरडला. पुढच्या रांगांतून हातांचं रान उठलं. पुढे सगळे फालेरोनचे बसले होते, पहाटेपासून जागा धरून. त्या रानात फिलेअसला आर्किअस दिसला. चिरंजिवांनी दोन्ही हात वर केले होते.

"नको असं ज्यांना वाटतं, त्यांनी!" आता मागून हात उठले. लांबचे हात बारीक दिसतात.

"जमीन वाटायची," फिलेअस म्हणाला. दवंडीवाल्याने ते मोठ्याने सांगितलं आणि पुढच्या रांगा नाचायला लागल्या.

मागून तो कुंभार ओरडला, "अहो अध्यक्ष, मागेही माणसंच बसलीत! बोकडं नाहीत!"

हशा पिकला. फिलेअसला तेवढ्यावर पुढचा विषय घेता आला असता. शपथ घेऊन निकालावर हरकत कोणी घेतली नव्हती, ठराव झाला होता. लिहिणाऱ्याने लेखणीही उचलली होती. फिलेअस उभाच राहिला. मग त्याने दवंडीवाल्याचा दंड धरला.

"थांब," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "माझी नजर चुकली. पुढे माझं गाव बसलंय आणि गावात माझा मुलगा. त्याने दोन हात वर केले, ते मी पाहिले आणि दोन्ही हिशेबात धरले."

क्षणभर कोणालाच कळेना. मग अख्खी टेकडी हसून लोळली. "दोन शेतं द्या त्याला!" "पायही उचल रे पोरा, चार होतील!" आर्किअसचे कान दुरूनही लाल दिसत होते.

"पुन्हा घेऊ," फिलेअस म्हणाला. "प्रत्येकाने डावा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा. मी बघणार नाही. पन्नासांतले इतर बघतील." आणि तो खरोखरच पाठ फिरवून, समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. स्त्रातोन पुढे आला. दवंडीवाल्याने पुन्हा दोन्ही बाजू पुकारल्या, पन्नासांतल्या इतरांनी हात पाहिले आणि ते आपसांत कुजबुजले.

"फिलेअस," स्त्रातोन हळूच म्हणाला, "जमीन गेली रे."

"किती फरकाने?"

"शंका राहू नये इतक्या."

"मग तसं सांग."

तट पाडायचा, वर्गणी चालू, जमीन त्यांची त्यांनाच. दया म्हणावी तर ती एवढीच होती, पण ओर्कियाचे दूत टेकडीच्या पायथ्याशी बसून रडले, असं म्हणतात.

सूर्य बुडाला, किल्ल्या एका चपला शिवणाऱ्याच्या गळ्यात गेल्या आणि फिलेअस चालत घरी आला. मिका दारात होती.

"काय आणलंत, राजेसाहेब?"

"काही नाही."

"ते कळलं. तुमच्या आधी पोचलं. आर्किअस जेवला नाहीये. नावेपाशी बसलाय. तिथे आधी जा, मग मी बोलते. मला भरपूर बोलायचंय."

आर्किअस वाळूत पाठमोरा बसला होता.

"दोन हात सगळेच वर करत होते, बाबा. शेजारच्या लामियाचा नवरासुद्धा."

"असतील."

"मग तुम्ही माझंच नाव का घेतलंत? अख्ख्या शहरापुढे?"

"दुसऱ्यांच्या पोरांची नावं घ्यायचा मला काय हक्क?" फिलेअस म्हणाला आणि त्याच्या शेजारी बसला. मग दोघं नावेतल्या फाटक्या जाळ्याला गाठी मारत बसले. फिलेअसला ते जमत होतंच. त्या दिवशी मुलालाही जमलं.

दोरखंडवाल्याने मुलगी दुसरीकडे दिली. मिका वर्षभर रोज संध्याकाळी त्या हुकलेल्या लग्नाची आठवण काढायची आणि मधूनच बाजारात बायकांना सांगायची, "आमच्यांनी पाठ फिरवली होती म्हटलं, पाठ! कोणाच्या नवऱ्याने फिरवलीय?" आर्किअस पुढे तीन उन्हाळे वल्ह्यावर गेला. तिसऱ्या खेपेला त्याचं गलबत पाणी भरायला ओर्कियाला लागलं. परत आला तेव्हा फिलेअस जाळ्यात मान घालून बसला होता.

"ओर्कियाला गेलो होतो," आर्किअस म्हणाला. "पडक्या तटाशी एक म्हातारी अंजीर विकत होती. तिच्याच बागेतले. चांगले आहेत तिथले अंजीर, बाबा. फार चांगले आहेत."

फिलेअसचा हात थांबला. "पैसे घेतले तिने?"

"घेतले ना. घासाघीस केली तर म्हणाली, अथेन्सवाल्यांना जास्तच लावते."

"शाबास," फिलेअस म्हणाला. आर्किअस त्याच्याकडे बघत राहिला, मग त्यालाही हसू फुटलं, आणि त्याने कमरेच्या पिशवीतून बापासाठी राखून ठेवलेले दोन अंजीर काढले. प्रवासात जरा चेपले होते.